सन्मानचिन्ह पोचलं, आभारी आहे

माननीय प्रमुख पाहुणे महोदय यांच्या सेवेशी,



पत्रास कारण की, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या कन्हानात मातृदिनाचा जो सोहळा झाला, त्यात आपल्या शुभहस्ते ज्यांना 'आदर्श माता' ठरवण्यात आलं, त्यातली मी एक. डावीकडून तिसरी, लिंबू कलरच्या साडीतली. आपल्याला आठवणार नाही आणि आठवायचं कारणही नाही; त्या संध्याकाळी आपले आणखी कार्यक्रम होते, असं निवेदकांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. आपलं भाषण मात्र आमच्या घरी लहानथोरांना पाठ झालंय. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

आपण म्हणालात, "आई कधी थकत नाही." केवढ्या टाळ्या पडल्या! त्यानंतर आपण गाडीत बसून निघून गेलात. वाक्य मात्र माझ्या मागोमाग घरी आलं आणि तेव्हापासून मुक्कामाला आहे. त्याच रात्री ओट्यापाशी उभी असताना माझ्या तोंडून सहज निघालं, "आज फार थकले बाई." तर तिसरीत शिकणारा माझा मुलगा म्हणाला, "पण आई, ते काका तर म्हणाले ना, तू थकत नाहीस म्हणून?" आणि टीव्हीशेजारच्या सन्मानचिन्हाकडे त्याने बोट दाखवलं. पुरावा लेखी होता. मी पुढची कढई घेतली.

आपण घातलेल्या शालीचेही आभार. लोकरीची आहे, उबदार आहे. 2013 च्या मे महिन्यात नागपूरने 47.9 अंश पाहिलेत. तशाच मे महिन्यात, त्याच नागपूर जिल्ह्यात, पंखा फक्त व्यासपीठावरच्या पाहुण्यांकडे वळवलेल्या सभागृहात आपण ती माझ्या खांद्यांवर दोन्ही बाजूंनी नीट ओढून दिलीत. आईला उकडतही नाही, हा आपला आणखी एक शोध असावा.

आपण आम्हाला अष्टभुजा म्हणालात. मी घरी येऊन कॅलेंडरवरची देवी नीट निरखून पाहिली. आठ हात आहेत खरे, पण त्यांत त्रिशूळ आहे, खड्ग आहे, चक्र आहे. एकाही हातात टिफिन नाही. शिवाय कितीतरी देवळांत दुपारचा नैवेद्य झाला की देवीसमोर पडदा ओढतात. भक्त बाहेर ताटकळतात, कुणी आत डोकावून "आई, माझं पांढरं बनियान कुठंय?" असं विचारत नाही. आपण मला देवी केलंत, फक्त पडदा द्यायला विसरलात. घाईत होतात, समजू शकते.

आमच्या यजमानांचा आपण जो गौरव केलात, त्यासाठी शब्द अपुरे आहेत. "आज यांचे पती घरी मुलांना सांभाळत आहेत, म्हणून या इथे येऊ शकल्या, एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" झाल्या. माझ्या सत्काराला पडल्या त्याहून जास्त झाल्या. मला मुलं सांभाळल्याबद्दल सन्मानचिन्ह मिळायला इतकी वर्षं लागली, त्यांना एका संध्याकाळीत सभागृह मिळालं. माणूस खरोखर चांगला आहे हो, तक्रार नाही. ते स्वतःही म्हणतात, "मी मदत करतो ना तुला." कुणाच्या घरात, कुणाच्या मुलांसाठी, हा प्रश्न मी गिळून टाकते, कारण मदत करणाऱ्याला असले प्रश्न विचारले की मदत बंद होते.

त्याच वेळी, आपण शाल घालत असताना, मी थोडी थरथरत होते. भारावले असं आपल्याला वाटलं असेल. पर्समधला फोन व्हायब्रेट होत होता. घरून विचारणा होती की पोरीचं तापाचं औषध कुठे ठेवलंय आणि किती द्यायचं. औषध फ्रिजच्या दारात असतं, किती द्यायचं ते बाटलीवर मीच स्केचपेनने लिहून ठेवलंय. व्यासपीठावरून खाली उतरल्या उतरल्या, सन्मानचिन्ह काखेत धरून, मी ते फोनवर सांगितलं. मागून आपला आवाज येत होता: आई म्हणजे त्यागाचा महासागर.

महोदय, आपल्या भाषणात कष्टांचा उल्लेख होता. स्वयंपाक, धुणं, भांडी, सगळं आपण मोजलंत. आभारी आहे. मोजायचं काम आपल्या सरकारनेही मोठ्या कष्टाने केलंय. 2024 च्या टाइम यूज सर्व्हेप्रमाणे घरकाम करणारी बाई दिवसाला 289 मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि घरकाम करणारा पुरुष 88 मिनिटं. शिवाय मुलं-म्हातारी-आजारी यांच्या देखभालीत बाईची 137 मिनिटं जातात, पुरुषाची 75. ही सरासरीही फक्त त्या कामाला हात लावणाऱ्यांची. घरकामाला हात लावणारा पुरुष चारांत साधारण एक सापडतो, हे त्याच अहवालात आहे. याआधीच्या, म्हणजे 2019 च्या पाहणीत बाईची 299 मिनिटं होती. पाच वर्षांत दहा वाचली. मला वाटलं, ती पुरुषांकडे गेली असतील. तर त्यांचीही 97 वरून 88 झालेली. म्हणजे दोन्हीकडून मिळून एकोणीस मिनिटांचं काम देशातल्या घरांतून निघून गेलं. कुठे गेलं, याचा आपण तपास करू नये. ते आमच्याकडे आलंय.

या पाहणीची पद्धत मला फार आवडली. दिवस पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत धरतात, म्हणजे सरकारलाही आमचा दिवस कधी सुरू होतो ते ठाऊक आहे. मग अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडतात, आणि त्यात दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ केलेलं काम धरत नाहीत. आता सांगा, आईपणात दहा मिनिटं सलग चालणारं काम असतं कुठे? नळ आला म्हणून टिल्लू पंप लावणं, दोन मिनिटं. कुलरमध्ये पाणी सोडणं आणि बंद करायचं लक्षात ठेवणं. पोराच्या बुटाची लेस. कोळशाच्या धुळीने काळी पडायच्या आत दोरीवरचे कपडे उतरवणं, त्यात पोरगी कडेवर. सासूबाईंची बीपीची गोळी. ऑटोवाल्या काकांना उद्या सुट्टी आहे का, हा फोन. सगळं रकान्याच्या फटीतून खाली पडतं आणि मी ते वाकून उचलते.

आणि लक्षात ठेवणं? त्याचा रकानाच नाही. वर्गशिक्षिका रात्री साडेनऊला मेसेज टाकतात की उद्या पांढरा सदरा, दोन पिंपळाची पानं आणि आजोबांच्या लहानपणावर पाच ओळी. आजोबा नाहीत आता, पाच ओळी मीच आठवून सांगते. गॅस कधी लागला, पोरीचा पुढचा डोस कधी, नणंदेच्या घरचं वास्तुपूजन, ट्युशनची फी, भावाला राखी पोस्टाने टाकायची शेवटची तारीख. हात रिकामे असतात तेव्हाही डोक्यात चूल पेटलेली असते. घरात सगळे झोपले की मी जागी राहून कोण काय विसरलंय ते आठवत बसते. याला आपण भाषणात 'वात्सल्य' म्हणालात. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत याला मॅनेजर म्हणतात आणि पगार देतात.

कामाच्या तासांवरून आठवलं. आमच्या गावाला खाणी अनोळखी नाहीत. आमचे हे खाणीतच आहेत, शिफ्ट ड्युटी. 1952 च्या खाण कायद्याने जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाला दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी लिहून दिली. द्यायलाच पाहिजे, ते काम मी जवळून पाहिलंय. म्हणून ते रात्रपाळी करून आले की आम्ही घरभर चवड्यांवर चालतो, कुकरची शिट्टीसुद्धा लाजत वाजते. पण त्याच कायद्यात आणखी एक गंमत होती. संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात बाईला खाणीवर कामाला ठेवायला मनाई होती. 2019 मध्ये ही अट सैल केली, तीही बाईची लेखी संमती असेल तर. लेखी संमती! पोरीला दात येत होते तेव्हा मी रात्र-रात्र तिला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. तेव्हा माझी तोंडी संमती विचारायलाही कुणी उठलं नाही.

माझी नोकरी नागपुरात. हो, मी नोकरी करते, आपण 'घर सांभाळून' म्हणालात तीच. आपण आमच्या यांना कधी 'घर सांभाळून खाणीत जातात' म्हणाला नाहीत, पण असू दे. सकाळी कन्हानचा पूल ओलांडून कामठी, मग ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रो. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कन्हान नदीपर्यंत येणार आहे, त्यासाठी आपल्यासारख्यांचे आगाऊ आभार. पोरगी झाली तेव्हा कायद्याने मिळते ती 26 आठवड्यांची रजा मिळाली. 2017 ची सुधारणा झाली नसती तर 12 वरच भागवावं लागलं असतं. त्याच सुधारणेत पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवावं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, असंही आहे. आमच्या ऑफिसात मी विचारलं. "मॅडम, आपण एकोणपन्नास आहोत," असं उत्तर मिळालं. मी सुट्टीवर असतानाही एकोणपन्नासच होतो, हे मी नंतर मोजलं.

सरकारच्या कृपेचा आणखी एक उल्लेख केला पाहिजे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा महाराष्ट्राचा निर्णय झाला. माझी मुलगी त्यानंतरची. तिच्या नावात मी आहे, मुलाच्या नावात नाही. म्हणजे एकीची आई मी कागदोपत्री आणि एकाची फक्त रात्री साडेनऊनंतर.

आपल्या भाषणात जिजाऊमासाहेब आल्या, श्यामची आई आली. येणारच. जिजाऊंनी पुण्याची जहागीर सांभाळली, हाताखाली कारभारी होते. आमच्याकडे भांडीवाली बाई पोळ्यापासून सुट्टीवर आहे. आणि साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक तुम्ही शेवटपर्यंत वाचलं असेल, तर त्यात ती आई आजारी पडून जाते, हे ठाऊक असणार. हा भाग भाषणात का येत नाही, एवढंच विचारायचं होतं. वेळ कमी असतो, हेही आलंच.

पोळ्याचा विषय निघालाच आहे तर. वर्षातून एक दिवस बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याचे खांदे शेकतात, तुपाने चोळतात, शिंगांना बेगड लावतात आणि पुरणपोळी खायला घालतात. पुरण कोण वाटतं, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तेव्हा लाकडी नंदीला झूल शिवायची, पोराला फेटा बांधायचा, स्पर्धेसाठी 'शेतकरी राजा' करून उभा करायचा. खऱ्या बैलाला एक दिवस मिळतो. लाकडी बैलाला दुसरा. तिसऱ्या दिवसाची मी अजून वाट पाहते आहे.

आता थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

माझा मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. बाळंतिणीच्या खोलीत शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, ओवा, सगळं काही रीतसर होतं. आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. बाळ रडलं की माझ्या पोटात गोळा यायचा. ते गोंडस होतं, निरोगी होतं. मला मात्र त्याला कुणीतरी घेऊन जावं असं वाटायचं आणि असं वाटल्याची लाज वाटायची. "मुलगा झालाय, आणखी काय पाहिजे?" असं येणारा-जाणारा म्हणायचा. दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे नजर फार मोठी होती, असं ठरलं. त्या काळात आपल्यासारख्या एखाद्या थोर वक्त्याने "आई कधी थकत नाही" म्हटलं असतं, तर मी आई नाहीच, याबद्दल माझी पुरती खात्री पटली असती.

पुष्कळ नंतर कळलं की भारतात या विषयावर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला होता. बाळंतपणानंतर सुमारे 22 टक्के आया नैराश्यातून जातात, असा त्याचा हिशेब. पाचांतली एक. त्या दिवशी व्यासपीठावर आम्ही रांगेने बसलो होतो, तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं होतं. एडिंबराच्या डॉक्टरांनी 1987 मध्ये दहा प्रश्नांचा एक साधा कागद केला, बाळंतिणीला विचारायला. पाच मिनिटांचं काम. त्यातला सहावा प्रश्न साधारण असा आहे की हल्ली सगळं अंगावर येतंय, झेपेनासं झालंय, असं वाटतं का? तो प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिले. कुणीतरी हे छापून ठेवलं होतं. आमच्या खोलीत दिवसातून इतकी माणसं यायची, पण ती फक्त बाळाचं नाक कुणावर गेलं ते विचारून जायची.

असो. परत सोहळ्याकडे येऊ, तिथे वातावरण प्रसन्न होतं.

आपल्या भाषणाचा सर्वांत मोठा लाभ आमच्या सासूबाईंना झाला, हे सांगायलाच हवं. सन्मानपत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यात 'अखंड, अविश्रांत, अथक' असे तीन शब्द ओळीने आहेत. त्यांनी 'अथक' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मी का थकत नव्हती का? पण सांगाव कोणाले?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. एरवी त्यांचं पालुपद ठरलेलं असायचं, "आमच्या टायमाले काय मशिनी होत्या?" त्या दिवशी मात्र सांगत बसल्या. नदीवर धुणं घेऊन जायच्या. मोहल्ल्यातल्या सगळ्या जणी एकदम निघायच्या. कपडे धुवायला तासभर पुरायचा, पण घरी यायला दुपार व्हायची. पाय पाण्यात सोडून बसायचं, कुणाच्या सासूने काय केलं ते बोलायचं, एखादीचं रडून व्हायचं, एखादीचं मूल दुसरीच कडेवर घेऊन फिरायची. घरी कुणी विचारलं की "कपडे लय होते" म्हणायचं. आज त्याच कन्हानचं पाणी शुद्ध होऊन नागपूरकरांच्या नळाला जातं, आणि आमच्या धुण्याला मशीन आलं. मशीन छान आहे. पण ते कपडे पस्तीस मिनिटांत धुतं आणि मग बीप करून बोलावतं. त्या पस्तीस मिनिटांत कणीक होते. काम कमी झालं म्हणतात, पण घाटावरच्या त्या बायका कुठे गेल्या, ते कुणी सांगत नाही.

सासूबाईंनीच मग मला गच्चीचा रस्ता दाखवला. उन्हाळ्यात मुंगाच्या वड्या आणि सरगुंडे वाळत घातले की ते राखायला कुणीतरी बसावंच लागतं. चिमण्या येतात, माकडं येतात. राखत बसलेल्या बाईला कुणी उठवत नाही, कारण ती काम करत असते. या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी मिळून इतक्या वड्या घातल्या की दोन वर्षं पुरतील. शेजारची सुद्धा आता आमच्याच गच्चीवर घालते. तिची दोन आणि माझी दोन मुलं आम्ही रविवारी दुपारी आळीपाळीने सांभाळतो. एक जण राखते, दुसरी झोपते. हा कार्यक्रम विनाउद्घाटन सुरू आहे. कृपया फीत कापायला येऊ नये.

आणखी एक. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये टेलि-मानस नावाची सेवा सुरू केली, मन ठिकाणावर नसेल तर फोन करायचा, 14416. मी तो नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. घरच्यांना वाटतं तो गॅसवाल्याचा आहे. एकदा यांनी लावलाही, सिलिंडर कधी येणार ते विचारायला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "बोला, तुम्हाला कसं वाटतंय?" आमचे हे थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "थकलो आहे." एवढी वर्षं खाणीत उतरणारा माणूस. घरात हे वाक्य म्हणायची मनाई फक्त मलाच आहे असं मी धरून चालले होते. त्यांना 'आदर्श पिता' कुणी केलं नव्हतं, तरी.

लंडनला डोनाल्ड विनिकॉट म्हणून मुलांचे डॉक्टर होते. त्यांनी 1950 च्या दशकात लिहून ठेवलं की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते. उलट तिने हळूहळू प्रत्येक हाकेला धावायचं सोडलं तरच मूल वाढतं. त्यांना हा सोहळा भरवणाऱ्या आमच्या मंडळाने प्रमुख पाहुणे म्हणून कधीच बोलावलं नसतं. मातृदिन ज्यांच्या खटपटीने सुरू झाला त्या अमेरिकेच्या अ‍ॅना जार्व्हिसबाईंनाही नाही. 1914 मध्ये तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी तो दिवस जाहीर केला आणि पुढे त्याचा बाजार झालेला पाहून त्या बाईने स्वतःच तो बंद पाडण्यासाठी उरलेलं आयुष्य घालवलं. त्यांना शाल मिळाली की नाही, ठाऊक नाही.

तर महोदय, शेवटी एक नम्र विनंती. पुढच्या मे महिन्यात आपण पुन्हा येणारच. आम्ही सत्कारमूर्तींनीच चहा आणि आलूबोंडे वाटले होते, तेही पुन्हा वाटू, चिंता नसावी. फक्त या वेळी आयांना खाली बसवा. खुर्चीवर, पंख्याखाली, शालीशिवाय. सत्कार बापांचा ठेवा. त्यातही उगाच कुणालाही बोलावू नका. आधी व्यासपीठावरच छोटी तोंडी परीक्षा घ्या. मुलाच्या बुटाचा नंबर. वर्गशिक्षिकेचं नाव. मुलीला कोणत्या औषधाने पुरळ येतं. पुढची लस कधी. मुलाला भेंडी गोल चिरलेली चालते की उभी. शाळेत सध्या त्याचं कुणाशी भांडण आहे. आजीच्या बीपीच्या गोळीचा रंग. यात जो पास होईल, त्याला माझं सन्मानचिन्ह मी स्वतः देईन, घासून-पुसून ठेवलंय.

फक्त एक खबरदारी घ्यावी. परीक्षा सुरू करण्यापूर्वी सगळ्या उमेदवारांचे मोबाइल दाराशी काढून ठेवायला लावावेत. नाहीतर खाली बसलेल्या आम्हा सगळ्या जणींचे फोन एकदम वाजायला लागतील.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
एक आदर्श माता (डावीकडून तिसरी)
कन्हान, जि. नागपूर